हाताने काढलेला काल्पनिक जगाचा नकाशा डिजिटल करायचाय, सगळं परत गिरवावं लागेल का?

मंगळवारपेठी

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपच्या कल्पनारम्य कथामालेचा नकाशा कागदावर पूर्ण झालाय. आता तो कॉम्प्युटरवर घ्यायचाय. तपशील आधीच देतो, म्हणजे उलट प्रश्न नकोत.

कागद फुल इम्पिरियल कार्ट्रिज, २२ × ३० इंच, आडवा. रेषा ०.३ आणि ०.५ च्या वॉटरप्रूफ पेनच्या. समुद्राला जलरंगाचा फिका निळा वॉश, जमीन कोरीच. डोंगर म्हणजे शंभरेक छोटी टोकदार चित्रं. नावं देवनागरीत, हातानं लिहिलेली. प्रमाण १ सेमी = २० किमी. कागदाला मधोमध अधिकच्या चिन्हासारखी घडी पडलीय आणि घडीवर तपकिरी मळ बसलाय.

हवंय ते असं: भिंतीवर लावायला मोठी प्रिंट, ब्राउझरमध्ये झूम होणारा नकाशा, आणि राज्यांच्या सीमा व गावांची नावं बदलायची सोय, कारण कथेत दर दोन भागांनी कोणीतरी कोणाचं तरी राज्य घेतो.

हाताशी ए४ फ्लॅटबेड स्कॅनर, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि माउस. पेन टॅबलेट नाही. सॉफ्टवेअर फुकटातलंच पाहिजे.

इंकस्केप या चित्रकलेच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस बिटमॅप (चित्रावरून आपोआप रेषा काढणारी सोय) चालवलं तर किनाऱ्याला दोन-दोन रेषा येतात, डोंगरांचा चिखल होतो आणि फाइल हलत नाही. मग सगळं माउसनं परत गिरवायचं का? की दुसरा काही मार्ग आहे?

शाईवाली

गिरवू नका. ट्रेसही लावू नका, निदान सगळ्याला तरी नको.

ट्रेस बिटमॅपला रेघ कळत नाही, काळा डाग कळतो. शाईची रेघ त्याच्या लेखी लांबट डाग, आणि डागाला दोन कडा असतात. म्हणून किनारा दुहेरी येतो. सेंटरलाइनचा पर्याय एकच रेघ देतो खरा, पण पेन जिथं दाबलंय तिथली जाडी आणि जिथं उचललंय तिथली निमुळती टोकं सगळी सपाट करून टाकतो. डोंगरांवरच्या बारीक छायारेषांना हजारो नोड (रेघेचे बिंदू) पडतात. ते कमी करायला सिम्प्लिफाय मारलं की खाड्या आणि भूशिरं पहिल्यांदा जातात.

हातची रेषा चित्र म्हणूनच राहू द्या. जे बदलणार आहे तेवढंच वेगळं काढा: सीमा, गावं, नावं, आणि रंग भरायला जमिनीचा आकार. डोंगर, झाडं, होकायंत्र, कडेची वेलबुट्टी यांना हात लावायचं कारणच नाही.

आता स्कॅन. ए४ काचेवर शीट तीन बाय तीन अशा ९ तुकड्यांत बसतं. शीटच्या लांबीला स्कॅनरची लांबी ठेवा. शेजारच्या दोन तुकड्यांत लांबीकडं साधारण ६४ मिमी आणि रुंदीकडं ४४ मिमी सामाईक भाग मिळतो. तेवढा लागतोच, कारण काचेभोवतीच्या उंच चौकटीमुळं कागद कडेला उचलला जातो आणि तिथला पाच-दहा मिलिमीटरचा पट्टा धूसर येतो. झाकण निघत असेल तर काढून ठेवा आणि वरून जाड सपाट पुस्तक दाबा. काही तुकड्यांसाठी शीट उलटं फिरवावं लागेल, ते नंतर बरोबर १८० अंशांत वळवायचं.

स्वस्त आणि पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे (सेन्सर काचेला अगदी लागून असलेले) असतात. कागद काचेपासून एक-दोन मिलिमीटर उचलला तरी त्यांचा फोकस जातो, म्हणजे तुमची घडी नेमकी तिथंच मार खाणार. आधी घडी बसवा: शीट दोन कोऱ्या कागदांत घालून सपाट लाकडी फळीखाली दोन-तीन दिवस वजनाखाली ठेवा. पाणी मारून इस्त्री करायचं मनातही आणू नका. शाई वॉटरप्रूफ असली तरी समुद्राचा जलरंग नाही, तो जमिनीवर चढेल.

४०० डीपीआय (एका इंचात ४०० पिक्सेल) पुरतं. ०.३ ची रेघ ३०० ला साडेतीन पिक्सेल होते, ४०० ला पावणेपाच, ६०० ला सात. साडेतीनवर कडा दातेरी दिसायला लागतात आणि सातचा भार तुमच्या ८ जीबीला झेपणार नाही. पूर्ण शीट ४०० ला १२००० × ८८०० पिक्सेल होतं, गिम्प या फोटोच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एका लेयरला साधारण ४०० एमबी. ६०० ला हाच आकडा ९५० च्या पुढं. स्कॅनरवर ३०० आणि ६०० एवढेच पर्याय असतील तर ६०० ला घ्या आणि प्रत्येक तुकडा दोन तृतीयांश करा.

रंगीत २४ बिट, टिफ फॉरमॅट, आणि ऑटो एक्स्पोजर, ऑटो कलर, शार्पन, धूळ काढा असलं सगळं बंद. ऑटो चालू राहिलं की समुद्राचा तुकडा वेगळा उजळतो, जमिनीचा वेगळा, आणि जोड कितीही घासला तरी लपत नाही. नऊही तुकडे एका बैठकीत घ्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद ओल पितो आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो. आज चार आणि परवा पाच असं केलं तर रेषा जुळत नाहीत, मग सॉफ्टवेअरला शिव्या.

तुकडे जोडायला ह्युगिन, हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर. प्रत्येक तुकड्याला लेन्सचा प्रकार साधा रेक्टिलिनियर आणि दृश्यकोन १० अंश द्या. ऑप्टिमायझरमध्ये फक्त रोल आणि आडवं-उभं सरकणं चालू ठेवा, बाकी बंद. तसंच सोडलं तर ते फोटोचा पॅनोरमा समजून कागद गोलाकार वाकवतं. एका जोडीला सात-आठ कंट्रोल पॉइंट (दोन्ही तुकड्यांत जुळणारे बिंदू) तरी हवेत. अडचण मोकळ्या समुद्रात येते, कारण तिथं पकडायला काहीच नसतं. स्कॅन करण्याआधीच सामाईक पट्ट्यांत टोकदार पेन्सिलीनं बारीक ठिपके देऊन ठेवा. ते खोडरबरनं पुसू नका, रबराबरोबर जलरंगही निघतो. गिम्पमध्ये हील टूलनं घालवा.

साफसफाई. जोडलेल्या चित्राची कॉपी वर घ्या, तिला १५०-२०० पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या आणि लेयर मोड डिव्हाइड करा. कागदाची पिवळसर झाक आणि कडेच्या सावल्या यानं सपाट होतात. मग लेयर एकत्र करा आणि रंग मेनूतल्या कंपोनंट्समधून डीकम्पोज करून लाल, हिरवा, निळा असे तीन भाग सुटे करा. निळ्या भागात समुद्राचा वॉश जवळजवळ गायब झालेला दिसेल, पण घडीचा तपकिरी मळ गडद. लाल भागात नेमकं उलटं: मळ फिका, समुद्र गडद. म्हणून निळ्यावर लाल ठेवा आणि मोड लायटन ओन्ली. प्रत्येक पिक्सेलला दोघांतला उजळ राहतो. समुद्र जातो, मळ जातो, शाई दोन्हीकडं काळी असल्यानं टिकते. हिरवा भाग लपवा.

शेवटी लेव्हल्समध्ये काळं टोक ६० च्या आसपास, पांढरं २१५ च्या आसपास. पांढरं टोक फार खाली आणलं तर पेन उचलल्याच्या निमुळत्या रेषा उडतात. डोंगरांच्या छायारेषा १०० टक्के झूमवर बघत थांबा. हा झाला शाईचा लेयर. टिफमध्ये एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशननं ठेवा. जेपेगमध्ये ठेवला तर काळ्या रेषांभोवती करड्या मुंग्या येतात आणि त्या पुढं ट्रेसला नडतात.

मोजणीवाला

ताईंनी शाईचं सांगितलंय त्यात बदल नाही. पुढचं काम क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा. सीमा बदलणार, नावं बदलणार म्हणजे हा आता डेटा आहे, आणि डेटाला चित्रकलेचं सॉफ्टवेअर पुरत नाही.

तुम्ही १ सेमी = २० किमी दिलंय ते फार उपयोगी आहे. म्हणजे १ : २०,००,०००. ४०० डीपीआयला एक पिक्सेल बरोबर १२७ मीटरचा होतो. ०.३ ची रेघ ६०० मीटर रुंद. तेव्हा सीमा काढताना ६०० मीटरपेक्षा बारीक झूम करून घाम गाळण्यात अर्थ नाही, मूळ रेघच तेवढी जाड आहे.

आख्खं शीट किती किलोमीटरचं? गणित करा: १२००० × १२७ म्हणजे १५२४ किमी, आणि ८८०० × १२७ म्हणजे १११७.६ किमी. आपल्या महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किमी, म्हणजे तुमचं 'जग' रुंदीला दोन महाराष्ट्रांपेक्षा थोडं कमीच. उत्तर-दक्षिण पृथ्वीच्या मापानं जेमतेम दहा अंश. एवढ्यासाठी गोल पृथ्वी, प्रक्षेपण वगैरेच्या नादाला लागू नका. सपाट मैदान धरा. पूर्ण ग्रह दाखवायचा असता तर २ : १ आकाराचं चित्र करून नासाच्या जी.प्रोजेक्टरमध्ये तपासणं योग्य होतं. इथं गरज नाही.

जिओरेफरन्सिंगचा, म्हणजे चित्र जमिनीवरच्या मापात बसवण्याचा, सोपा रस्ता: वर्ल्ड फाइल. नोटपॅडमध्ये सहा ओळी लिहा: 127, 0, 0, -127, 63.5, 1117536.5. आकडे इंग्रजीच लागतात. फाइलचं नाव टिफसारखंच आणि एक्स्टेन्शन टीएफडब्ल्यू. शेवटचे दोन आकडे म्हणजे वरच्या डाव्या पिक्सेलच्या मध्याचे पूर्व आणि उत्तर मीटर, खालचा डावा कोपरा शून्य धरून. चित्र नेमकं १२००० × ८८०० ला कापलेलं पाहिजे, उंची वेगळी असली तर शेवटचा आकडा बदलतो. प्रोजेक्टला 'नो सीआरएस' (पृथ्वीवरची निर्देशांक-पद्धत नको) आणि एलिप्सॉइड (पृथ्वीचा गोलाकार) 'नन, प्लॅनिमेट्रिक' ठेवा. एलिप्सॉइड विसरलात तर मोजपट्टी भलतेच आकडे दाखवते.

जमिनीचा आकार माउसनं काढायची गरज नाही. शाईच्या लेयरची कॉपी घ्या आणि गिम्पच्या बकेट फिलमध्ये 'लाइन आर्ट ओळखून भरा' निवडा. त्यात फट किती पिक्सेलपर्यंत बुजवायची ते देता येतं. नद्यांच्या मुखाशी रेघ उघडी असते, तिथून रंग आत गळतो. मुख फार रुंद असेल तर या कॉपीवर ५ पिक्सेलच्या ब्रशनं आडवी रेघ मारून बंद करा. समुद्र काळा, जमीन पांढरी, आतली सगळी चित्रं पांढऱ्यानं पुसलेली. मग थ्रेशोल्ड, म्हणजे मधला करडा रंग एकही राहणार नाही. करडा राहिला तर पुढं किनाऱ्याला हजारो चिंधी पॉलिगॉन (बंद आकार) लोंबतात. हे चित्र त्याच वर्ल्ड फाइलसह क्यूजीआयएसमध्ये घ्या आणि रास्टर मेनूतून पॉलिगनाइझ करा. बेटांसकट सगळी जमीन एका झटक्यात. कडा पायऱ्यांसारख्या येतील, त्याला सिम्प्लिफाय १५० मीटर आणि नंतर स्मूद दोन फेऱ्या.

राज्यांच्या सीमा प्रत्येक राज्यासाठी वेगळ्या काढू नका. शेजारच्या दोन राज्यांत मधे फट राहते किंवा एक दुसऱ्यावर चढतं आणि रंग भरल्यावर पांढऱ्या भेगा दिसतात. जमिनीच्या पॉलिगॉनची एक कॉपी घ्या आणि स्प्लिट फीचर्सनं तुकडे करत जा. सीमा नदीवरून जात असेल तर स्नॅपिंग चालू करून ट्रेसिंग लावा, नदीच्या रेघेवर दोन क्लिकमध्ये सीमा बसते. कथेत सीमा सरकली की टोपोलॉजिकल एडिटिंग चालू ठेवून व्हर्टेक्स (सीमेचा बिंदू) हलवायचा, दोन्ही राज्यं बरोबर बदलतात. कथेतल्या सनाप्रमाणे नकाशा हवा असेल तर 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने ठेवा आणि फिल्टर लावा.

फाइल जिओपॅकेज फॉरमॅटमध्येच ठेवा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. 'राजधानी' लिहायला गेलात तर 'राज' वर कापलं जातं.

नद्या उगमाकडून मुखाकडं काढा, दिशा सगळीकडं तीच. म्हणजे रुंदी मुखाकडं वाढवता येते. आणि जाता जाता: नद्या एकत्र येतात, फुटत नाहीत. आपल्या कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते आणि पुढं नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते, हे चित्र डोळ्यासमोर ठेवा. त्रिभुज प्रदेश सोडला तर एका नदीच्या दोन होऊन दोन समुद्रांना मिळाल्या असं कुठं काढलं असेल तर आत्ताच दुरुस्त करा, वाचक पहिलं तेच पकडतात. डोंगररांगेच्या कुठल्या बाजूला हिरवा रंग द्यायचा तेही इथंच बघा. गगनबावड्याला धो धो आणि शिरोळकडं जेमतेम, हा फरक एकाच जिल्ह्यातला आहे.

मंगळवारपेठी

दोघांचेही आभार. लायटन ओन्लीनं घडी खरंच गेली!

 

तीन शंका. एक, राजारामपुरी-शाहूपुरीकडं प्लॅन स्कॅन करणाऱ्या दुकानात आख्खं शीट एकदम निघतं म्हणतात, मग नऊ तुकड्यांचा उपद्व्याप कशाला? दोन, वंडरड्राफ्ट किंवा अझगारचा जनरेटर ही काल्पनिक नकाशे बनवायची सॉफ्टवेअर वापरून हेच लवकर होणार नाही का? तीन, हातची नावं पुसून टाइप केली तर नकाशा सरकारी वाटायला लागलाय. समुद्राचं नाव अक्षरं लांब लांब करून पसरायला गेलो तर शिरोरेघ तुटते.

मोजणीवाला



मोठ्या स्कॅनरबद्दल: ती मशिन रोलरनं कागद ओढते. ट्रेसिंग आणि प्लॉटसाठी उत्तम. तुमच्या शीटला दोन धोके. पेन्सिल किंवा जलरंग रोलरला घासून पुसट रेघोट्या पडतात, आणि ओढताना कागद किंचित सरकला तर लांबी एका दिशेनं कमी-जास्त होते. द्यायचंच असेल तर शीट पारदर्शक प्लास्टिकच्या कॅरिअरमध्ये घालून द्यायला सांगा आणि आधी चारही बाजूंच्या मार्जिनमध्ये ५०० मिमी अंतराच्या दोन-दोन खुणा स्टीलच्या पट्टीनं करून ठेवा. ४०० डीपीआयला ते अंतर ७८७४ पिक्सेल भरलं पाहिजे. एका दिशेला ७८५० आलं तर तेवढ्याच दिशेनं ०.३ टक्का ताणून घ्या, काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंच्या मार्जिनवर वेगवेगळे आकडे आले तर कागद तिरका गेलाय, परत स्कॅन मागा. 'ब्लॅक अँड व्हाइट' मोडमध्ये नको, रंगीतच. दुकानदार सवयीनं प्लॅनचा मोड लावतो.

वंडरड्राफ्टमध्ये मूळ चित्र खाली ठेवून त्यावरून काढता येतं, पण डोंगर त्यांचे बसतात, तुमचे नाही. शिवाय ते विकत आहे. अझगारचा जनरेटर फुकट आहे, त्यात चित्रावरून उंची घेणारं कन्व्हर्टर आहे: रंगांना ० ते १०० उंची द्यायची, २० च्या खाली सगळं पाणी. पण नकाशा काही हजार बहुकोनी खणांत मोडला जातो, त्यामुळं तुमचा किनारा ओळखू येईल इतपतच राहतो. लोकसंख्या, व्यापारी वाटा असल्या कल्पना सुचायला चांगलं, तुमच्या कामाला नाही.

शिरोरेघ

तिसऱ्या शंकेवर. रोमन नकाशांची सवय इथं आंधळेपणानं आणू नये. तिकडं समुद्राचं नाव अक्षरं सुटी करून पसरतात. देवनागरीत अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेघ तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो. क्यूजीआयएस असो वा इंकस्केप, लेटर स्पेसिंग शून्यच ठेवायची. मोठेपणा दाखवायचा तो अक्षराच्या आकारानं आणि फिक्या रंगानं. दोन शब्दांचं नाव असेल तर शब्दांमधली जागा हवी तेवढी वाढवा.

वळणावर लिहिताना वळणाची दिशा बघा. कमानीसारख्या वळणावर अक्षरांची डोकी फाकतात, आणि आपली सगळी जोडणी डोक्यावरच असते, म्हणून प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेघेत पाचर पडते. झोळीसारख्या खाली झुकलेल्या वळणावर डोकी जवळ येतात, रेघा एकमेकींवर चढतात आणि सांधा दिसत नाही. फक्त वेलांट्या आणि मात्रा एकमेकींना टेकत नाहीत ना ते बघा. वळणाची त्रिज्या अक्षराच्या उंचीच्या दहापट तरी ठेवा. क्यूजीआयएसच्या जुन्या आवृत्त्यांत वक्र लेबल लावलं की वेलांटी अक्षरापासून सुटायची, तेव्हा चालू आवृत्तीच घ्या.

पण माझं मत विचाराल तर समुद्र, डोंगररांगा आणि अरण्यं यांची हातची नावं पुसूच नका. ती बदलणार नाहीत. टाइप फक्त गावं आणि राज्यं. सगळी टाइप केल्यामुळंच नकाशा सरकारी वाटतोय. जी पुसायची आहेत ती शाईच्या लेयरच्या कॉपीवर पांढऱ्या ब्रशनं. नाव किनाऱ्यावरून गेलं असेल तिथं किनारा परत जोडावा लागेल: ०.३ च्या रेघेला ५ पिक्सेल, ०.५ ला ८ पिक्सेलचा कडक ब्रश. माउसनं हात थरथरत असेल तर शिफ्ट धरून छोटे छोटे टप्पे मारा, किंवा दुसरीकडचा तसाच तुकडा क्लोन करा.

फॉन्ट: गावांना मुक्त, राज्यांना तिरो देवनागरी मराठी. तिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आपोआप येतात. इतर बऱ्याच फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली तरच येतात, नाहीतर हिंदी ल येतो आणि खटकतो. 'दऱ्या', 'किनाऱ्या' यातला अर्धा र टंकताना ऱ वापरा. साधा र घेतला तर 'दर्या' होतं, आणि समुद्राच्या नकाशावर तो वेगळाच अर्थ निघतो.

प्रेसला फाइल देताना सगळी अक्षरं ऑब्जेक्ट टू पाथनं आकारांत बदलून द्या. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडं अजून युनिकोडपूर्व फॉन्टांवर काम चालतं. तुमचा फॉन्ट उघडला नाही की ते नाव परत टाइप करतात, आणि मग वज्रकोटचं वज्रकोर होतं. बदलण्याआधीची फाइल वेगळी जपा, आकार झालेल्या अक्षरांत नंतर एक काना दुरुस्त करता येत नाही.

टाइलफोड्या

ब्राउझरचं सांगतो, थोडक्यात.

शाई, रंग, समुद्र एकत्र करून १२००० × ८८०० चं एक पीएनजी काढा. गावं आणि सीमा त्यात नकोत, त्या जिओजेसनमधून (सीमा-गावांची वेगळी मजकूर फाइल) वर येतील, म्हणजे बदल झाला की टाइल (चित्राचे चौकोनी तुकडे) परत पाडाव्या लागत नाहीत. टाइल पाडायला जीडीएएल या नकाशाच्या साधनसंचातलं जीडीएएल-टू-टाइल्स रास्टर प्रोफाइलवर चालवा. २५६ पिक्सेलच्या टाइलनं झूम ० ते ६ लागतात, सगळ्या मिळून साधारण २२०० टाइल. गिटहब पेजेस या वेबसाइट ठेवायच्या जागेवर आरामात बसतं.

ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणाऱ्या लीफलेट लायब्ररीत सीआरएस सिंपल (सपाट निर्देशांक) घ्या. इथं लोक तीन ठिकाणी अडकतात. नकाशा उभा उलटा-पुलटा दिसला तर टाइलचे क्रमांक खालून मोजलेत. टाइल पाडतानाच एक्सवायझेड पर्याय द्या. लीफलेटच्या अक्षांश-रेखांशाच्या जोडीत आधी वाय, मग एक्स असे जातात. आणि मीटरला १२७ नं भागून पिक्सेल काढलेत तरी ते थेट देऊ नका: आधी वाय उलटा करा, ८८०० वजा वाय, आणि मग अनप्रोजेक्टला (पिक्सेलवरून निर्देशांक काढणारं फंक्शन) झूम ६ सांगून द्या. ६ न सांगितल्यास सगळी गावं नकाशाबाहेर कुठंतरी जाऊन पडतात.

झूम ३ च्या खाली फक्त राजधान्या दाखवा. मोबाइलवर सगळी नावं एकदम आली की काहीच वाचता येत नाही.

मंगळवारपेठी

भारी. शेवटचं: भिंतीसाठी फ्लेक्स ८ फूट रुंद करायचाय. एवढ्या डीपीआयला चित्र फाटेल का, म्हणजे दातेरी दिसेल का? स्क्रीनवरचा निळा समुद्र नमुन्याच्या तुकड्यावर जांभळा आलाय.

शाईवाली

फाटत नाही. ८ फूट म्हणजे ९६ इंच, १२००० पिक्सेलला १२५ डीपीआय पडतात. फ्लेक्सला ७२ ते १०० सुद्धा चालतं. उंची ७०.४ इंच, म्हणजे पाच फूट दहा इंचांवर थोडं. ०.३ ची रेघ १ मिमीची दिसेल, छान ठसठशीत. आयलेटसाठी (टांगायच्या भोकांसाठी) चारी बाजूंना दोन-तीन इंच पट्टी वेगळी सोडा, नाहीतर कडेची वेलबुट्टी भोकात जाते.

गावांची नावं फ्लेक्सवर ८ मिमीच्या खाली नकोत. त्या आकाराला २४३८ मिमीत १५२४ किमी, म्हणजे १ मिमीला ६२५ मीटर. तेव्हा क्यूजीआयएसमध्ये अक्षराचा आकार पॉइंटमध्ये न देता मॅप युनिटमध्ये ५००० द्या. पॉइंटमध्ये दिलात तर पान मोठं केल्यावर अक्षरं तेवढीच राहतात आणि भिंतीवर मुंग्या दिसतात.

जांभळा समुद्र सीएमवायकेमुळं, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांमुळं. निळ्यात मॅजेंटा सायनच्या जवळ गेला की छपाईत जांभळाच येतो. सायनपेक्षा मॅजेंटा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा, फिक्या समुद्राला सायन ४५, मॅजेंटा १०, पिवळा ५ असं काहीसं. शाईचा काळा मात्र चारी रंगांचा होऊ देऊ नका, फक्त के (काळी शाई) १०० सांगा. चार रंगांचा काळा जरासा सरकला की डोंगराच्या प्रत्येक छायारेषेला लाल-निळी किनार येते. मोठ्या प्रिंटआधी फूटभर तुकडा त्याच मशिनवर, त्याच मटेरिअलवर काढून घ्या. त्यात किनारा, एक डोंगर आणि एक गावाचं नाव तिन्ही येतील असा भाग निवडा.